चेतापेशी मागवल्या होत्या

प्रयोगशाळेत त्या सगळ्यांच्याच आत्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने त्यांना पहिल्यांदा आत्या म्हटलं, कारण त्याच्या सख्ख्या आत्यासारख्याच त्या चष्म्यावरून बघायच्या. तो विद्यार्थी डॉक्टरेट घेऊन कुठल्या कुठे गेला, जाताना नाव मात्र मागे ठेवून गेला. आता विभागप्रमुखही त्यांना आत्याच म्हणत, आणि प्रमुखांच्या मिशा तर आत्यांच्या केसांपेक्षा पांढऱ्या होत्या. आत्यांच्या यजमानांना याची फार गंमत वाटे. "म्हणजे मी त्या सगळ्या शास्त्रज्ञांचा आतोबा झालो," ते म्हणत, "पण एकही भाचा कधी माझी चौकशी करायला आला नाही."

आत्यांचं काम पेशी वाढवण्याचं. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. आत शिरायला दोन दारं, दोन्हींच्या मध्ये चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगरखा चढवायचा. आत काचेच्या पडद्याचं कपाट, सतत घुंघुं करणारा पंखा, एक मायक्रोस्कोप आणि माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून बसलेला इन्क्युबेटर. त्या इन्क्युबेटरमधल्या बशांमध्ये उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी होत्या. उंदीर अजून उंदीर झालेला नाही, तीनचार दिवसांचा नुसता ठिपका आहे, अशा वेळच्या त्या पेशी. त्या वयात पेशीचं काहीच ठरलेलं नसतं. मेंदू, कातडी, हाड, आतडं, तिला काहीही होता येतं. आणि ती तशीच बिनठरलेली राहावी म्हणून रोज तिच्या खुराकात एक विशिष्ट प्रथिन घालावं लागतं. ते एक दिवस चुकलं की पेशी ज्या वाटेला लागायची त्या वाटेला लागते आणि मग कुणाच्या बापाला परत फिरवता येत नाही. म्हणून सुट्टी असो, ताप असो, घरी पाहुणे असोत, आत्या रोज येऊन जायच्या.

त्यांनी शास्त्राचे लेख फारसे वाचले नव्हते, पण पेशींचं तोंड बघून त्या सांगायच्या की आज यांचं काय बिनसलंय. सुखात असलेल्या पेशी एकमेकींना बिलगून घुमटासारख्या बसतात, त्यांच्या कडा चकाकतात. दुःखी पेशी पसरट होतात. यात आत्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ थोडंफार या अभिमानातच होतं.

त्या वर्षी नवा विद्यार्थी आला. हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असो, सगळे त्याला 'संदर्भ' म्हणत, कारण कुठलंही वाक्य संपलं की तो म्हणायचा, "याला संदर्भ आहे." एकदा आत्या सहज म्हणाल्या की आज चहा पांचट झालाय, तर याने विचारलं, कशाच्या तुलनेत. पण पोरगा कष्टाळू होता आणि आत्यांचा त्याच्यावर जीव होता.

संदर्भचं काम होतं मूळपेशींपासून चेतापेशी बनवायचं. मेंदूत असतात तशा, लांब शेपट्या फुटलेल्या. हे कसं करायचं ते त्याने आत्यांना पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. पेशीला कान नसतात, तो म्हणाला, पण तिच्या अंगावर दारं असतात. बाहेरून एखादं प्रथिन येऊन आपल्या ठरलेल्या दारावर टकटक करतं. दारातला आतल्याच्या कानात सांगतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत करत निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो, आणि मग तिथे ठरतं की हिने पुढे काय व्हायचं.

"म्हणजे कानगोष्टींचा खेळ," आत्या म्हणाल्या.

संदर्भ म्हणाला, तसंच, फक्त इथे निरोप बिघडून चालत नाही. आणि चेतापेशींची गंमत अशी की त्या व्हाव्यात म्हणून कुणी फार काही सांगावं लागत नाही. उलट दुसरे निरोप पोचू द्यायचे नाहीत. विशेषतः एक प्रथिन असं आहे की त्याने दार वाजवलं की निरोप जातो, 'मेंदूचा विचार सोड, दुसरं काहीतरी हो.' ते प्रथिन सीरममध्ये हमखास असतं. म्हणून या प्रयोगात सीरमचा थेंबही घालायचा नाही. नुसतं साधं मीडियम, म्हणजे क्षार, साखर आणि मोजकी चारदोन द्रव्यं असलेलं पाणी.

आत्यांना हे ऐकून जरा कसंतरीच झालं. सीरम म्हणजे रक्तातला पिवळसर, निवळ भाग. एकोणीस वर्षं त्यांनी पेशींना तेच पाजलं होतं. मनातल्या मनात त्या त्याला पेशींचं दूध म्हणत. पण शिकलेल्यांच्या कामात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून त्या गप्प बसल्या.

नेमक्या त्याच आठवड्यात घरीही दुष्काळ पडला. यजमानांचं वजन आणि रक्तदाब, दोन्ही एकमेकांशी पैज लावल्यासारखी वाढत होती, तेव्हा डॉक्टरांनी खाण्याचा तक्ता लिहून दिला. उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा, मीठ नाही, लोणी नाही, बिस्किटं तर नाहीतच. यजमान निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. त्यांनी तक्ता वाचायच्या आधी लाल पेन्सिल घेतली. "यात 'मीठ'मधली वेलांटी ऱ्हस्व काढलीय," ते म्हणाले. "ज्याला 'मीठ' लिहिता येत नाही त्याने माझं मीठ तोडावं, हा कुठला न्याय?" पण आत्या बधल्या नाहीत. बिस्किटांचा डबा त्यांनी वरच्या फळीवर ठेवला.

शनिवारी सकाळी यजमान स्टुलावर चढलेले सापडले. त्यांनी अर्धंच बिस्किट मागितलं. आत्या नको म्हणाल्या. ते भांडले असते तर बरं झालं असतं, आत्यांना भांडणाची सवय होती. पण त्यांनी डब्याला हळूच झाकण लावलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि खिडकीत जाऊन बसले. तो झाकणाचा आवाज डोक्यात घेऊनच आत्या प्रयोगशाळेत आल्या.

संदर्भ त्या दिवशी नव्हता. त्याची अक्कलदाढ काढली होती. इन्क्युबेटरवर त्याची चिठ्ठी होती: चारही बशांमधलं मीडियम बदला, साधंच घाला, दुसरं काहीही घालू नका. 'काहीही' खाली दोन रेघा होत्या. आत्यांनी बशा मायक्रोस्कोपखाली धरल्या. पेशींचे छोटे गोळे मीडियममध्ये तरंगत होते आणि त्यांची रया गेली होती. अंगं आक्रसलेली, आजूबाजूला मेलेल्यांचा कचरा. घरात एक माणूस उपाशी, इथे लाखभर जीव उपाशी, आणि दोन्हीकडे ताट ओढून घेणारा हात त्यांचाच.

फ्रिजमध्ये सीरमची बाटली होती. आत्यांनी ती हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. दहा मिलिलिटर मीडियमला एक मिलिलिटर सीरम, रोजच्या हिशेबाने. चारही बशांना घातलं. रविवारी पुन्हा घातलं. पेशी टवटवीत दिसू लागल्या. आत्यांनी बाटली पुसून जागेवर ठेवली. नोंदवहीत लिहायचं राहून गेलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते लिहायचं नव्हतंच.

सोमवारी संदर्भ सुजलेला गाल घेऊन आला, त्याने गोळे नव्या बशांत ठेवले, ते तळाला चिकटून पसरले. आठवडा गेला. पुढच्या सोमवारी सकाळी तो मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. त्याने डोकं वर काढलं, पुन्हा खाली घातलं, आणि आत्यांना विचारलं की पंखा बंद करता का, टेबल हलतंय. आत्यांनी पंखा बंद केला. मग तो म्हणाला, तुम्ही जरा चालू नका. आत्या एका पायावर थांबल्या. तरी हलतच होतं. वरच्या मजल्यावर यंत्रं दुरुस्त करायची जागा होती, तिथे निरोप पाठवून लेथ बंद करवली. तरी हलतच होतं. मग त्याला लिफ्टचा संशय आला. लिफ्ट बंद केली, तर दोन मजल्यांच्या मध्ये ग्रंथपाल पुस्तकांच्या गाडीसकट अडकले आणि वीस मिनिटं तिथून इमारतीच्या व्यवस्थेबद्दल मतं मांडत राहिले. सगळी इमारत चिडीचूप झाली. बशीत मात्र चालूच होतं.

शेवटी आत्यांनी डोळा लावला. बशीच्या एका कडेला पेशींचा एक पुंजका आक्रसत होता, सैल पडत होता, आक्रसत होता, सैल पडत होता. आत्यांनी मनगटावरचं घड्याळ बघून मोजलं. मिनिटाला बासष्ट.

"अरे, हे टेबल नाही," त्या म्हणाल्या. "हे हृदय आहे."

चारही बशांत तेच. चेतापेशींचा पत्ता नाही, आणि कोपऱ्याकोपऱ्यात हृदयाचे स्नायू धडधडतायत. संदर्भ हर्षाने की भीतीने, कोण जाणे, भिंतीला टेकून बसला. आत्यांना कारण तत्क्षणी कळलं. इतकं लख्ख कळलं की त्यांच्या कानशिलांत ऊन चढलं.

विभागप्रमुख धावत आले. त्यांना पाठीमागे 'जवळजवळ सर' म्हणत, कारण त्यांचा कुठलाही प्रयोग जवळजवळ झालेला असे. तीन आठवड्यांनी बाहेरची समिती येणार होती आणि हे काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होती. सरांची झोप त्यामुळे आधीच उडाली होती. ते पंधरा मिनिटं मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: सीरम होतं का?

"थेंबही नाही," संदर्भ म्हणाला. "शनिवार-रविवार आत्याच बघत होत्या."

दोघांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी मान हलवली. ती 'हो' म्हणून हलवली की 'नाही' म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण ज्याला जे हवं होतं ते त्याने त्यात वाचलं.

"मग हा नवा मार्ग आहे," सर म्हणाले. "जवळजवळ शोधच."

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत लगीनघाई सुरू झाली. संदर्भने भिंतीभर कागद चिकटवला आणि त्यावर निरोपांची साखळी काढायला घेतली. कुठलं दार, कुठला निरोप्या, कोण कुणाला अडवतं, कोण कुणाला उठवतं. सीरम नसताना पेशींना हृदय व्हा असं सांगितलं कुणी, याचं उत्तर शोधता शोधता कागदावर एकतीस बाण झाले. बाण एकमेकांना छेदायला लागल्यावर त्याने रंग वापरले. आत्या रोज त्या कागदासमोरून जायच्या आणि त्यांना वाटायचं, यातला एकही बाण माझ्याकडे कसा येत नाही.

कबूल करायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या की त्या शनिवारबद्दल थोडं बोलायचं होतं. सरांना वाटलं, सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली रजा हवी असेल. त्यांनी तोंड उघडू न देता दोन दिवसांची रजा मंजूर केली, वर म्हणाले, तुमच्यासारखी विश्वासाची माणसं आहेत म्हणून विज्ञान उभं आहे. यानंतर माणूस काय बोलणार? मग त्यांनी संदर्भला आडून विचारलं की समजा, नुसतं समजा, चुकून कुणी सीरम घातलं असतं तर? संदर्भने अर्धा तास सविस्तर समजावलं की सीरम घातलं असतं तर नेमकं हेच दिसलं असतं, पण ते घातलेलंच नाही, त्यामुळे ते कारण बाद. त्याने वहीत तशी नोंदही केली आणि तारीख टाकली.

दरम्यान प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या वेळी संदर्भ स्वतः सुट्टीच्या दिवशीही येऊन बसला, आणि आत्यांनी सीरमच्या बाटलीकडे बघितलंही नाही. दहाव्या दिवशी बशा बाहेर काढल्या. धडधड नव्हती. त्याऐवजी पेशींना बारीक, लांब शेपट्या फुटल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या एकमेकींपर्यंत गेलेल्या. चेतापेशी. अगदी समितीला लिहून दिल्या होत्या तशाच.

आत्यांना इतक्या सुंदर बशा आयुष्यात दिसल्या नव्हत्या. पण सरांचं तोंड पडलं. "फसला," ते म्हणाले. संदर्भ तर दिवसभर जेवला नाही. जे मिळावं म्हणून सर दोन वर्षं धडपडत होते ते हातात आलं, आणि दोघं सुतक असल्यासारखे बसले. सर म्हणाले, नवा मार्ग लाजरा असणार, दर वेळी दिसत नसेल. त्या चेतापेशींच्या बशा खालच्या कप्प्यात, मागे ढकलून ठेवल्या गेल्या. संदर्भने कागदावर बत्तिसावा बाण काढला, तुटक रेघेचा.

समिती यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आत्या घरी आल्या आणि उकडलेली भाजी यजमानांपुढे ठेवता ठेवता त्यांना रडूच कोसळलं. यजमानांना वाटलं, तक्ता आणखी कडक झाला. मग आत्यांनी सगळं सांगितलं. स्टुलापासून बत्तिसाव्या बाणापर्यंत. यजमान भाजी चिवडत ऐकत होते.

"म्हणजे माझं बिस्किट त्या उंदरांना गेलं," ते शेवटी म्हणाले.

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला? उद्या मोठमोठी माणसं येणार. सर त्यांना हे छातीठोकपणे सांगणार."

यजमानांनी चमचा खाली ठेवला. "हे बघ," ते म्हणाले. "चूक छापायच्या आधी सांगितली तर तिला दुरुस्ती म्हणतात. छापून झाल्यावर सांगितली तर शुद्धिपत्र. आणि कुणी तिसऱ्यानेच काढली, तर नाचक्की. छत्तीस वर्षं मी हेच बघितलंय. तुझ्याकडे उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

सकाळी आत्या तासभर आधी जाऊन सरांच्या दाराशी उभ्या राहिल्या. पण सर परस्पर समितीला आणायला गेले होते, आणि आले ते तिघा पाहुण्यांसकटच, बोलत बोलत थेट सभागृहात शिरले. पाहुण्यांत दोन गृहस्थ होते आणि एक वयस्कर बाई. कानात यंत्र, हातात काठी, अंगाने काडी. मूळपेशींवर काम करणारी निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि उरलेली निम्मी त्यांना घाबरून होती, असं संदर्भने सांगितलं. याला संदर्भ आहे की नाही, ते आत्यांनी विचारलं नाही.

आत्या मागच्या खुर्चीवर बसल्या. सर 'जवळजवळ' हा शब्द एकदाही न वापरता बोलले. हृदयाची चित्रफीत दाखवली, ती बघून दोन्ही गृहस्थ पुढे सरकून बसले. मग बत्तीस बाणांचा कागद पडद्यावर आला. बाईंनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा घातलं.

"सीरम?" त्यांनी विचारलं.

सरांनी संदर्भकडे बघितलं, संदर्भ उभा राहून म्हणाला की अजिबात नाही. बाई म्हणाल्या, मला पेशींची खोली दाखवा.

खोली चार माणसांची, शिरली सहा. बाईंनी काठी भिंतीला टेकवून हात धुतले, स्वतःच बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ बघितलं. धडधड तशीच चालू होती. मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी यांना खायला कोण घालतं?"

"मी," आत्या म्हणाल्या. आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलं. "मी घालते, आणि त्या शनिवारी मी यांना सीरम घातलं. दहाला एक. सकाळी अकरा वाजता. रविवारीही, तेवढंच. चारही बशांना. चिठ्ठीत नको म्हणून लिहिलं होतं, तरी घातलं. त्या उपाशी दिसत होत्या, मला बघवलं नाही. मी वहीत लिहिलं नाही आणि सरांनी विचारलं तेव्हा बोलले नाही. यांची कुणाची चूक नाही."

सरांच्या चेहऱ्यावर एकेक रंग येऊन गेला आणि शेवटी एकही उरला नाही. संदर्भचे ओठ हलत होते, तो मनातल्या मनात बाण खोडत असावा.

बाईंनी मान वर केली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना हसू येत होतं आणि ते त्या फारसं लपवतही नव्हत्या. "दहाला एक, अकरा वाजता, चार बशा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून इथे मला मिळालेला हा पहिला नेमका आकडा." मग त्यांनी संदर्भला विचारलं, सीरममध्ये काय असतं?

संदर्भ म्हणाला की त्यात ते प्रथिन असतं, जे दार वाजवून सांगतं की मेंदू होऊ नको. निरोप वेळेत गेला, ऐन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पेशी अजून ठरवत असताना. म्हणून त्या चेतापेशींच्या वाटेवरून वळल्या, आणि सीरममधल्या इतर निरोपांनी त्यांतल्या काहींना हृदयापर्यंत नेलं. हे सगळ्यांना माहीत आहे. "याला..." तो म्हणाला आणि थांबला.

"आहे, खूप संदर्भ आहेत," बाई म्हणाल्या. "दोनतीन तर माझेच. पेशींची दया येणारं माणूस प्रत्येक प्रयोगशाळेत एक असतं. आमच्याकडे तर ती मीच होते." मग त्या आत्यांकडे वळल्या. "आणि ज्यांना खरंच काही घातलं नाही, त्या कुठायत?"

आत्यांनी गुडघे टेकून खालच्या कप्प्यातून, मागे ढकललेल्या बशा काढल्या. बाईंनी बघितल्या, दोन्ही गृहस्थांना बघायला लावल्या. ती शेपट्यांची जाळी बघून त्यातले एक गृहस्थ नकळत "वा" म्हणाले.

"तुम्ही आम्हाला चेतापेशी लिहून दिल्या होत्या," बाई सरांना म्हणाल्या. "त्या तुमच्याकडे आहेत, उत्तम आहेत, आणि तुम्ही त्या मागे लपवून आम्हाला अपघात दाखवताय. का?"

सर एवढंच पुटपुटले की जवळजवळ दाखवणारच होतो.

समितीने काम पुढे चालू ठेवायला परवानगी दिली, पण तीन वर्षं मागितली होती तिथे एकच दिलं, आणि वर लेखी अट घातली की इन्क्युबेटरजवळ वही टांगावी आणि बशीत काहीही घालणाऱ्याने, मग ते कितीही दयेपोटी असो, तिथल्या तिथे लिहावं. आत्यांना ताकीद मिळाली. ती लिहिताना सरांनी तीन मसुदे फाडले, कारण प्रत्येक मसुद्यात त्यांचा सूर कधी फार कडक तर कधी फार मऊ होत होता. शेवटी त्यांनी चार ओळी लिहिल्या. आत्यांनी तो कागद घरी नेला. यजमानांनी लाल पेन्सिल घेऊन तो दोनदा वाचला आणि निराश होऊन परत केला. एकही चूक नव्हती.

संदर्भ दोन दिवस आत्यांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, भिंतीवरचा कागद उतरवला, त्याची गुंडाळी केली आणि म्हणाला, "आत्या, मी तुम्हाला अर्धा तास समजावलं होतं की सीरम घातलं असतं तर हेच झालं असतं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू बोलू देशील तर ना," आत्या म्हणाल्या. त्याला हसू आलं, आणि पोट धरून तो बराच वेळ हसत राहिला.

आठवडा संपताना, सगळे निघून गेल्यावर, सर आत्यांच्या खोलीत आले. चपला बाहेर काढायला विसरले होते, त्या आत्यांनी त्यांना परत पाठवून काढायला लावल्या. हात धुवून ते मायक्रोस्कोपशी बसले. त्या चार बशांपैकी एकच उरली होती, तिच्यातला पुंजका अजून चालू होता, जरा मंद झाला होता. सर खूप वेळ बघत राहिले.

"हे अजून किती दिवस चालेल?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाल्या की साध्या मीडियमवर दोनचार दिवस. थोडं सीरम मिळालं तर पंधराएक दिवस सहज.

सरांनी डोळा काढला नाही. "याचा आता काही उपयोग नाही," ते म्हणाले, "तरी घाला."

"किती, ते वहीत लिहा," आत्या म्हणाल्या. "आणि सही करा."

सर अंगरख्याचे खिसे चाचपून पेन शोधू लागले.